ठोकळा ४४१७/०९

परळच्या तळघरात खणाखणांतून मेणाचे ठोकळे.
त्यातला एक पद्मिनी तांडेल यांचा:
नखाएवढी गाठ, शिळ्या साबणाच्या रंगाची.

मुलगी चिठ्ठी घेऊन आली.
"आईचं एवढंच आहे," म्हणाली,
आणि ठोकळ्याकडे न बघता
सही कुठे करू, विचारलं.

पात्याखालून पापडी सुटते,
कोमट पाण्यावर पसरते.
झायलीनमध्ये मेण जातं; उरते
वाळवीनं खाल्लेली वही.
तुकडे. तुकड्यांचे तुकडे.

तीन जागी अक्षर बदललेलं,
'सी' हवा तिथे 'टी',
तेही हजार प्रतींतल्या सात-आठांत.
हे गाठीचं, की फॉर्मॅलिनचं?
सांभाळणाराही कधी कधी
आपलं एखादं अक्षर घुसडतो.

फोनवर समजावताना मी अडखळलो.
ती म्हणाली, "कळलं हो.
मीठ लावलं की मासा टिकतो,
तसाच्या तसा नाही राहत."

खोटी अक्षरं खुडणारं एंझाइम घालून
नमुना पुन्हा लावला.
दोन विरली.
एक राहिलं, दोन्ही धाग्यांवर, समोरासमोर.
हजारात सात.
म्हणजे जन्मापासूनचं नव्हे;
गाठीनं मागाहून लिहिलेलं.

"मग माझ्यात नाही?"
"हे तरी नाही."
बराच वेळ नुसता माहुलचा वारा फोनात,
आणि कुणीतरी टोपल्या आपटत होतं.
"बरं," म्हणाली. "उरलंय का अजून थोडं?"

उरलंय.
कापलेल्या तोंडावर ताज्या मेणाचा थर दिला,
फुंकर घातली,
आणि ठोकळा परत खणात ठेवला.