उतारशाळेचा मालक

उर्तिजेईत डिसेंबरचं बर्फ खिडकीच्या पट्टीपर्यंत आलेलं,
आणि बातिस्ताकाका पाइनच्या ठोकळ्यातून
तिसरा राजा सोडवत होते.

मी पादुआहून चार वर्षं ग्रीक शिकून आलेली.
म्हटलं, काका, तीन कुठे लिहिलंय?
भेटवस्तू तीन. माणसं किती, सांगितलेलं नाही.
राजे तर नाहीतच.
बैल? नाही. गाढव? तेही नाही.
पायाशी छिलके पडत होते, तशी मी बोलत गेले.

पटाशी थांबली नाही.
"गव्हाण आहे?"
आहे.
"मग तिची कड कुणी चाटून गुळगुळीत केली?"

यावर माझ्याकडे व्याकरण नव्हतं.

संध्याकाळी त्यांनीच विचारलं:
आणि तो मालक? दाराशी हात उंचावून
जागा नाही म्हणणारा?
मी पान उलटलं. दोनदा.
तो कुठेच नव्हता.
उतारशाळा म्हणून वाचतो तो शब्द
पाहुण्यांच्या खोलीलाही चालतो;
घर बहुधा नात्यातलंच, माणसांनी भरलेलं.

काका गप्प. वाटीतला सरस थिजला.
"एकेचाळीस वर्षं," म्हणाले, "दर हिवाळ्याला साठेक.
एवढ्या वेळा मी त्याच्याकडून दार लावून घेतलं."

सकाळी मांडणीत
तिसरा राजा होता तिथेच, उंटासकट.
मालक मात्र आत आणलेला,
गव्हाणीजवळ, बैलाच्या पाठीशी.
हात तोच, तेवढाच वर.
आता वाटत होतं
कुणाला तरी आत बोलावतोय,
किंवा बैलालाच म्हणतोय,
सरक जरा.