दोन कपांचं बटण

शेवटच्या महिन्याच्या भाड्याऐवजी
तनिष्का हे मशीन ठेवून गेली.
"साडेनऊ हजारांचं आहे, अंकल," म्हणाली,
अर्धं तिच्या हिंदीत, अर्धं आमच्याकडे उचललेल्या मराठीत,
आणि पीएससीच्या पुस्तकांची तीन पोती रिक्षात टाकून
भंवरकुआंवरून थेट खंडव्याच्या बसला.

चार महिने नीट चाललं.
बटण दाबलं की मोजून दोन कप.
अक्का म्हणायची, माणसांपेक्षा बरं,
पुरे म्हणावं लागत नाही.

आज थांबेना.
पहिला कप, दुसरा कप,
मग दुधाचं पातेलं, मग गडू.
आधी काळं, मग चहासारखं, मग भिजल्या पोत्याच्या रंगाचं,
मग नुसतं कढत पाणी.
आणि आज नर्मदेचा दिवस नाही, नळ उद्या.
अक्का ओरडली, अरे टाकी रिकामी करतंय ते!
मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबून धरलं.
शेवटी प्लग ओढला,
तर घर इतकं गप्प झालं
की कचरागाडी तिसऱ्या गल्लीत आहे हे कळलं.

बटणात खोट नव्हती, टिचकी स्वच्छ येत होती.
मशीन पालथं केलं. चार स्क्रू.
पाचवा कंपनीच्या लेबलखाली लपवलेला.
काही माणसंही अशीच, असं म्हणणार होतो,
पण अक्का टॉर्च धरून उभी होती.

आत नळ्या, बॉयलर, पंप,
आणि पंपाच्या अलीकडे सुपारीएवढी एक डबी.
डबीत चक्री, चक्रीच्या पात्यात लोहचुंबकाचा कण.
पाणी जातं, चक्री फिरते,
फेरे मोजले जातात,
इतके फेरे म्हणजे एक कप.
चक्री फिरत नव्हती.
पाणी तिच्या कडेकडेनं निघून जात होतं,
आणि मशीनच्या हिशेबी
त्यानं अजून कुणाला थेंबही दिलेला नव्हता.

मी एकोणीस वर्षं मिलमध्ये
मागांवरचे काउंटर वाचले.
एकदा रात्रपाळीत एकेचाळीस नंबरचा अडकला.
बद्रीलाल सकाळपर्यंत विणत होता.
कापड समोर होतं, गुंडाळलेलं,
हात लावला तर अजून कोमट.
मी वहीत शून्य लिहिलं.
काउंटरवर शून्य होतं म्हणून.
तो काही बोलला नाही. कानातला कापूस काढला,
डब्यातली उरलेली भाकर तिथंच उभ्यानं खाल्ली.

"हलवू नकोस," मी अक्काला म्हटलं,
उजेड हलत होता.
"धरून धरून हात दुखतो की नाही," ती म्हणाली.

चक्रीच्या खाचेत पांढरा थर, खडूसारखा.
बोरिंगच्या पाण्याचा.
नर्मदा प्यायला, बोरिंग मशीनला,
ही वाटणी माझीच.
सियागंजातून आणलेलं लिंबूसत वाटीत घातलं,
चक्री तासभर बुडवली.
बारीक बुडबुडे आले, कुणी पाण्याखाली कुजबुजावं तसे.
मग सुईनं कोरलं. मग फुंकर मारली,
आणि ती फिरली,
जरा जास्तच, जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी.

तोवर अक्कानं वाया गेलेलं पाणी
घमेल्यात ओतून मीठ घातलं होतं
आणि त्यात पाय सोडून बसली होती.
"कॉफीत पाय," म्हणाली,
"तनिष्काला सांगू नकोस."

सगळं जोडलं. बटण दाबलं.
आम्ही दोघंही मनात मोजत होतो,
ती बोटांवर, मी भिंतीवरच्या घड्याळात.
दोन कप. मग टुक्.
मग नळीच्या टोकाला लोंबकळलेला एक थेंब,
तोही पडला.

पोह्यांवर जिरावन भुरभुरताना
अक्काला टेबलावर स्क्रू सापडला.
"पाचवा उरला रे."
म्हटलं, राहू दे वाटीत,
परत उघडावं लागेलच.