वास येगळा

वीस हजार लिटरची टाकी
चौथ्यांदा नासली, तेव्हा त्यांनी मला फोन केला.
नासल्यावरच करतात.
सुरळीत चाललेल्या टाकीला सल्लागार लागत नाही,
आणि मी अठ्ठावीस वर्षं
दुसऱ्यांच्या नासलेल्यावर घर चालवलंय.

कागलची पंचतारांकित वसाहत.
नावातले तारे कुठं असतात ते गेटवाल्यालाही ठाऊक नाही.
डोक्याला जाळीची टोपी, बुटांवर निळ्या पिशव्या,
मीटिंगला सातजण,
प्रत्येकाच्या फायलीत दुसऱ्याची चूक.

आलेख पाहिले. चौदाव्या तासाला
ऑक्सिजन असा घसरतो
जसा अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी.
एन्झाइम करणारे जंतू आमचे, पोसलेले;
त्यांच्या ताटावर कुणी बिनबोलावता येऊन बसतंय.
कुठून? फिल्टर नवा.
वाफ एकशे एकवीसवर, अर्धा तास, शिक्क्यासह.
कागदावर सगळं निर्जंतुक होतं.

मग टाकीजवळचं लॉगबुक मागितलं,
सुतळीनं बांधलेलं, मळीचे डाग पडलेलं.
तीन आठवड्यांमागची रात्रपाळी.
रकान्याच्या बाहेर, पेन्सिलीनं:
‘वास येगळा येतोय. खालच्या व्हॉल्वपाशी. सु. मगदूम.’
त्याखाली सुपरवायझरची सही.
सही केली म्हणजे वाचलं असं थोडंच.

सुकुमार मगदूम, हुपरीचा,
आधी पैंजणांना डाख द्यायचा.
कसला वास, विचारलं तर लाजला.
‘कसं सांगू मॅडम,
गुऱ्हाळात काहील रातभर न धुता ऱ्हायली की
सकाळी येतो बघा, तसला.
गोडच. पण कशाची तरी वाट बघत बसल्यागत.’

व्हॉल्व उघडला.
गॅस्केटमागं करंगळीएवढा पाइपचा आंधळा तुकडा,
वाफ तिथवर कधी पोचलीच नव्हती.
आत कुणाचा तरी पिवळट, बुळबुळीत संसार.

अहवाल बेचाळीस पानांचा झाला. इंग्रजीत.
एकोणिसाव्या पानावर त्याची ओळ घातली, नावासकट.
मालक म्हणाले, ऑपरेटरचं नाव
ऑडिटमध्ये बरं दिसत नाही हो.
मी काढलं.
बिल पूर्ण लावलं.

संध्याकाळी गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर,
म्हैस समोर उभी, पेल्यात कोमट फेस,
उकळायचं नावच नाही.
दिवसभर लोकांना हात धुवायला शिकवणारी मी
एका दमात प्याले.
वैरण बदलली काय, मी विचारलं.
गवळी धार थांबवून बघतच राहिला.
‘कसं वळखलं?’

‘वास येगळा येतोय,’ मी म्हणाले.
त्याच्याच शब्दांत.
पुन्हा त्याच्या नावाशिवाय.