गोऱ्याचं काम

यंदाही साहेबाची टोपी माझ्याच डोक्यावर,
रंग उजळ म्हणून.
देशमाने सर म्हणाले, "अंबादास, जरा दातओठ खा,
लोकांना शिव्या द्यायला बरं पडतं."

पण राक्षस दाखवला की
सगळेच सुटतो आपण.

भुईकोटाच्या मैदानात, मार्शल लॉच्या खेळात
मी ओरडलोच नाही.
घड्याळ पाहिलं, रुमालानं मान पुसली,
चहा सांगावा तसं सांगितलं,
फायर.

शेजारच्या मागावरचा मलय्या पडला, खोटाच.
त्याची गांधीटोपी
लोळत आली माझ्या बुटापाशी.
ना शिव्या, ना टाळ्या.
कुणाचं तरी पोर तेवढं विचारत होतं,
"संपलं का?"

येताना शेंगाचटणी घेतली.
ओळखीच्या दुकानदारानं सुट्टे
हातात दिले नाहीत,
फळीवर ठेवले.

मोजले मी.
बरोबर होते.