साडेतेवीस मीटर

ठाण्याच्या कॉलेजात लागले तेव्हा
भूगोलाच्या खोलीत एक स्टिरिओस्कोप होता,
डावा आरसा तडकलेला.
दोन हवाई छायाचित्रं शेजारी ठेवून
डोळे जरा सैल सोडले
की पारसिकचा डोंगर कागदातून वर यायचा.
पोरं दचकून मागे सरकायची.
मीही सरकायचे, सव्वीस वर्षांची होते.

मग ट्रेसिंग पेपर, रोटरिंगचं पेन,
निब तुंबली की कोमट पाण्यात बुडवायची.
क्षेत्रफळासाठी आलेखावरचे चौकोन मोजायचे:
अर्ध्याहून जास्त भरलेला तो एक धरायचा,
कमी तो सोडून द्यायचा.
किती सोडून दिले, त्याचा हिशोब नाही.

सत्त्याण्णव साली डेहराडूनहून शिकून आले.
उपग्रहाचं चित्र पहिल्यांदा पडद्यावर उघडलं,
तर शिपाई वाघचौरे दारातूनच म्हणाला,
“मॅडम, खाडीला आग लागली काय?”
तिवरं लाल दिसतात त्यात.
पानांवरून परतणारा एक उजेड डोळ्यांना कळत नाही,
म्हणून आम्ही त्याला लाल रंग देतो.
पुढे सत्तावीस वर्षं हा धडा
मी वाघचौरेच्या वाक्यानंच सुरू केला.

एक ठोकळा, साडेतेवीस मीटर बाय साडेतेवीस.
आत जे असेल त्याचा आकडा एकच.
घर, मागचं तळं, वाळत घातलेलं जाळं,
शेवगा, शेवग्याखाली बसलेलं माणूस,
सगळ्यांची मिळून सरासरी.
मिश्र ठोकळा म्हणजे काय?
चार गुणांना विचारायचे मी.

घणसोलीच्या पश्चिमेला, खाडीलगत,
करड्या-निळसर ठोकळ्यांचा एक पट्टा होता.
कॉम्प्युटरला तो कशातच बसवता येईना.
मी त्याला सात नंबर दिला.
सात म्हणजे पडीक.
अहवाल गेला. सही माझी.

जमिनीवरची खातरजमा आधी करायची असते.
आम्ही नंतर गेलो, मार्चमध्ये,
बारा विद्यार्थी आणि विटेएवढा एक जीपीएस,
चार उपग्रह सापडेपर्यंत
हात वर धरून बांधावर उभं राहायचं.
उघाडीपाशी एक बाई चिंबोऱ्यांचे आकडे बांधत होती,
काड्यांच्या गाठी, न बघता.
चांगुणा केणी.
वहीत नाव लिहिलं, शेजारी अक्षांश-रेखांश.
“आभालान काय शोधताव?”
म्हटलं, ही पडीक जमीन तपासतोय.
“परीक कोन बोल्ला गो बाय?
पावसाल्यान राता भात,
मंग उघाडी खोलली का कोलंबी.”
आणि पुन्हा गाठी.

उपग्रह दर चोवीस दिवसांनी येतो,
सकाळी साडेदहाच्या सुमाराला.
माझं चित्र जानेवारीतलं:
भात कापून झालेला,
भरतीचं पाणी अजून आत घ्यायचं होतं.
तिच्या दोन पिकांमधली
एक रिकामी सकाळ तेवढी त्यानं टिपली.

दुरुस्ती पाठवली. पोच आली नाही.
माझ्यामुळेच सगळं झालं असं नाही,
एवढी किंमत माझ्या सहीला कोण देतंय.
आता तिथे सेक्टर आहे.
त्याचा नंबर सात असता तर
गोष्ट जुळवून आणल्यासारखी वाटली असती.
सात नाहीये.

निवृत्तीच्या दिवशी पोरांनी ड्रोन उडवून
माझाच फोटो काढला,
पाच सेंटिमीटरचा ठोकळा,
भांगातली पांढरी रेघसुद्धा स्वच्छ.
कपाट रिकामं करताना ती वही सापडली.
आकडे मोबाइलमध्ये टाकले, रिक्षा केली.
निळा ठिपका एका टॉवरच्या गेटवर थांबला.
वॉचमन म्हणाला, कोणाकडे?
म्हटलं, केणी.
तो रजिस्टरवर बोट फिरवत राहिला,
ए विंग, बी विंग, पान उलटून पुन्हा ए.
“या नावाचं कोणी नाही, मॅडम.”

त्या काळी जीपीएस शंभर मीटरपर्यंत चुकायचा,
ते धरूनच आम्ही चालायचो.
म्हटलं, बघा ना,
इथेच कुठेतरी,
शंभर मीटर इकडेतिकडे.