पट सतरा

साहेब येणार म्हणून
शाळेच्या मुतारीला पहिल्यांदा दार बसलं.
हे आधीच सांगून टाकते,
म्हणजे पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको
की बाई उपकार विसरल्या.

देवगडच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी
आमची दोन खोल्यांची शाळा. पट सतरा.
वरून निरोप आला, शाळा भरलेली दिसली पाहिजे.
मग केंद्रप्रमुखांनी पलीकडच्या दोन शाळांतली पोरं
सहासीटरमधून आणून अंगणात ओतली,
टोपलीत सौंदाळे ओतावेत तशी.
आमच्यांनी सरकून जागा दिली.

तीनचे साडेपाच झाले.
पौर्णिमेचं उधाण ओसरून
खडपं उघडी पडत चालली होती,
आणि पोरांच्या माना एकेक करून तिकडे वळत होत्या.
'बाई, सुकती झाली,' पारू टिकम कुजबुजली,
'आये कालवांक माझी वाट बघीत आसतली.'
मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.
नोकरीत हे एक मला छान जमतं.

साहेब वाईट नव्हते.
घाम पुसत आले, खुर्ची नको म्हणाले,
पहिलीतल्या मुबीनचं नाक
स्वतःच्या रुमालाने पुसलं.
फोटोवाला तेव्हा दुसऱ्या गाडीत होता.

मग हातात माईक आला
आणि आवाजाला कडक इस्त्री झाली.
आमच्या सरकारनं, त्यांच्या सरकारनं,
आम्ही दिलं, त्यांनी खाल्लं.
'ते' म्हणजे कोण, हे चौथीच्या पोरांना कळेना.
ती आजूबाजूला बघू लागली,
आपल्यातच कुणीतरी बसलं असेल म्हणून.
सहासीटरमधून आलेली पोरं
आणखी अंग चोरून बसली.

'तू कोण होणार रे?' लवू मेतरला विचारलं.
'तांडेल.'
साहेब हसले. मागच्या खुर्च्याही हसल्या.
'अरे, मोठं काहीतरी सांग! कलेक्टर हो!'
लवू उभाच. बस कुणी म्हटलं नव्हतं.
याच्या आज्याने सांगितलेला वारा
अख्ख्या वाडीत कुणाला चुकलेला आठवत नाही,
एवढं मला सांगता आलं असतं.
मी टाळ्या वाजवल्या.
पहिली टाळी माझी.

निघताना म्हणाले, 'केवढी मुलं!
शाळा असावी तर अशी.'
केंद्रप्रमुख माडाकडे बघत राहिले.

नेत्यांनी शाळेत यावं का, म्हणाल तर
मी सहावीत असताना एकजण आले होते.
काय बोलले, एक अक्षर आठवत नाही.
आठवते ती त्यांच्या चपलेचा तुटका अंगठा
सांधून धरणारी पिन.
त्या एका पिनेवर
मी पुढे तीनदा मत दिलं.
म्हणून भीती वाटते.
मुलं भाषण घेत नाहीत, भलतंच काही उचलतात,
आणि ते कुठे ठेवलंय
हे त्यांचं त्यांनाही सापडत नाही.
लवूने काय उचललं असेल?

दोन दिवसांनी गणिताच्या तासाला
मी मुद्दाम विचारलं, आज भरती किती वाजता?
बाकीचे खिडकीकडे बघू लागले.
लवूने बोटांची पेरंसुद्धा मोजली नाहीत.
'बीज आज. दोन पाऊणे दीड. दीडाक.'
मी ते फळ्यावर लिहिलं, मोठ्या अक्षरात.
तो फळ्याकडे बघत होता की माझ्याकडे,
कळलं नाही.
'पण बाई,' म्हणाला, 'ह्या परीक्षेत येणा नाय मा?'

दुपारी बीटातून फोन.
पेपरातल्या फोटोत मुलं मोजली, पंचेचाळीस भरतात,
तुमच्या कागदावर सतरा.
लेखी खुलासा उद्यापर्यंत.

लिहायला बसले आहे.
'महोदय' एवढं झालंय.
बाहेर मुतारीचं दार वाऱ्याने आपटतंय,
कडी बसवायची
घाईत राहून गेली.