अर्धे दिवे

असा धर मॉप, नेफ्ताली. दाबू नकोस.
लाकडाच्या रेघेनं चाल, आडवा जाऊ नकोस.
हा मेपल उत्तरेकडचा, थंडीत हळूहळू वाढलेला,
म्हणून इतका टणक.
मधल्या वर्तुळात एक फळी उलटी बसलीय.
कुठली ते सांगणार नाही.
मला एकोणीस वर्षं लागली.

दारातून शिरलास तेव्हा दचकलास ना?
सगळे दचकतात.
बाहेरून एकमजली गोदाम,
आत पाऊल टाकलं की पायाखाली
तेरा हजार चारशे दहा खुर्च्यांची विहीर.
नेब्रास्कात वारा अडवायला काहीच नाही,
म्हणून हे लोक खाली उतरले.
आधी छप्पर उभारलं, मग त्याच्या पोटातली माती उपसली.
त्या मातीची बाहेर टेकडी झाली,
गावातली एकुलती एक.
हिवाळ्यात पोरं तिच्यावरून घसरतात
आणि समजतात, देवानंच ठेवलीय.

त्याआधी इथं कॉलेजचा गोठा होता.
दमट दिवशी उत्तरेच्या बोळात अजून गाईंचा वास येतो.
ऑफिसवाले म्हणतात, पाइप असेल.
पाइप नाही.

ती बावीस नंबरच्या भागातली जोडखुर्ची बघ.
ड्व्होराचेक बाईंची.
नवरा जाऊन आठ वर्षं झाली, तिकिटं अजून दोन घेतात.
एकीवर कोट ठेवतात
आणि दोन माणसांच्या वाटच्या शिव्या
एकट्या घालतात पंचांना.

चक्रीवादळाच्या रात्री अख्खं गाव या विहिरीत होतं.
कुत्री, आज्या, कुणीतरी आणलेलं शिलाईचं मशीन.
वरून आगगाडी जावी तसा आवाज गेला.
सकाळी छप्पर जागेवर होतं,
चर्चचं नव्हतं.
भाषणात एवढंच सांगतात बघ,
वादळ, टेकडी, आणि वर लटकलेली निशाणं.

दिव्यांचं कुणी सांगत नाही.

तेव्हा पाऱ्याचे दिवे होते, चौऱ्याऐंशी.
खटका दाबला की आधी जांभळे, मग हिरवट,
बारा मिनिटांनी पांढरे.
खटक्याच्या खोलीची चावी माझ्याकडे. मी तेवीसचा.
मुलांच्या सामन्याला सगळे लावायचे.
मुलींच्या, दुपारी चार वाजता, फक्त सम आकड्यांचे.
कागद होता तसा, सहीचा. बिल फार येतं म्हणून.
पूर्वेचा बास्केट अंधारात जायचा.
मुली व्यायामाच्या बंड्यांत, पाठीवर चिकटपट्टीचे आकडे.
मध्यंतरानंतर बाजू बदलली
की अंधार दुसऱ्यांच्या वाट्याला.
त्यांना तो न्याय वाटायचा, किंवा तसं म्हणायच्या.

रोझेला स्कौगार्ड नावाची एक लांब हातांची मुलगी
एकदा खोलीच्या दारात आली.
भांडायला नव्हती आली.
म्हणाली, "वर्नल, आम्ही आवाजावर नेम धरतो,
जाळीचा आवाज येतो.
पण पाहायला आई येते माझी,
तिला दिसत नाही."

खटका माझ्या हाताखाली होता.
विषम आकड्यांचा. असा, कोपरभर अंतरावर.
मी म्हटलं, कागद आहे.
ती बरं म्हणाली.

बावीस सामने झाले त्या दोन वर्षांत.
मी मोजलेत. दर वेळी मोजायचो,
साठ-सत्तर माणसं, दिवे बेचाळीस,
आणि माझा उजवा हात, मांडीवर.

नोकरी गेली असती का? कदाचित नसती.
फार तर अकरा डॉलर कापले असते.
तेच तर.

आता एलईडी. बोट लावलं की लख्ख,
जांभळं नाही, हिरवं नाही, वाट बघणं नाही.
मुलींचं निशाण मधोमध आहे,
त्यांच्या सामन्याची तिकिटं आधी संपतात.
रोझेला मागच्या वर्षी आली होती, काठी घेऊन.
मला ओळखलं नाही तिनं.
मीही ओळख दिली नाही.

चार वाजता सराव आहे त्यांचा.
तू साडेतीनलाच लाव. सगळे.
रिकामं असलं तरी लाव.
कुणी कागद दाखवला तर मला बोलव.

आणि तो पूर्वेचा कोपरा परत पूस,
राहिलाय बघ.